मनगटावरचा मास्तर

स्कूबाची चटक लागली की पहिला मोठा खर्च येतो तो डाइव्ह कॉम्प्युटरचा. रंगीत स्क्रीनवाला घ्यायचा की साधा काळा-पांढरा? घड्याळाएवढा की डबीएवढा? कार्ड स्वाइप करण्याआधी हे एकदा वाचाच...

'टेंभुर्णी? म्हणजे सोलापूरवाली ना?' पुण्यात गावाचं नाव सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. नाही हो, आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. आमच्याकडे 'लाट' म्हटलं की लोकांना आधी उन्हाची आठवते. मी पोहायला शिकले ती विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. त्यामुळे मोबाइलच्या किमतीचं एक 'घड्याळ' घ्यायचंय असं घरी सांगितलं, तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

'घड्याळ हाये ना तुह्याकडं?'

'हे वेळ सांगणारं नाही बाबा. पाण्याखाली आणखी किती मिनिटं राहता येईल, ते सांगतं.'

'किती परस खोल जाती तू?'

विहिरीची खोली आमच्याकडे अजूनही परसात मोजतात. एक परस म्हणजे साधारण एक माणूस. मी मनातल्या मनात १८ मीटरचा हिशेब केला. 'दहा परस असेल.'

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, 'मंग घे माय. पण चांगलं घे.'

आता आली का पंचाईत! चांगलं म्हणजे कुठलं?

मुळात हे लागतं कशाला?

आधी एक गैरसमज दूर करू. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. जमिनीवर तो आपल्या वाटेला जात नाही. पाण्याखाली मात्र दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. २० मीटरवर तो तिप्पट होतो आणि नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळू लागतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईत वर आलात, तर? सोड्याची बाटली फटकन उघडून बघा. तेच बुडबुडे अंगात तयार होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, आणि प्रकरण वाढलं तर कायमचं अपंगत्व किंवा मृत्यूही येऊ शकतो. डायव्हर मंडळी याला 'बेंड्स' म्हणतात.

यावरचा पहिला पक्का हिशेब मांडला जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९०८ मध्ये. प्रयोग कुणावर केले माहीत आहे? शेळ्यांवर! दाबाच्या खोलीत शेळ्या ठेवायच्या, दाब कमी करायचा आणि कुठली लंगडते ते बघायचं. पुढे कित्येक वर्षं डायव्हर छापील तक्ते घेऊन पाण्यात उतरत होते. १९८३ मध्ये 'ऑर्का एज'सारखे इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बाजारात आले आणि खेळच बदलला.

बदल काय झाला? 'पॅडी'च्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २० मिनिटं मिळतात. पण तक्ता धरून चालतो, की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली मोजतो. पाच मिनिटं खाली, मग वर प्रवाळावर माशांच्या मागे... तो या सगळ्याचा हिशेब नव्याने मांडतो आणि उरलेली मिनिटं दाखवतो. या आकड्याला 'नो-डेको टाइम' म्हणतात. तो शून्यावर गेला, की सरळ वर यायची परवानगी संपली. मग मध्ये थांबे घेतच यावं लागतं.

दोन मनगटं, दोन आकडे

अंदमानात, हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप), मी आणि माझी मैत्रीण २८ मीटरवर शेजारी-शेजारी तरंगत होतो. दोघींच्या हातात भाड्याचे, पण वेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर. माझा म्हणाला, ४ मिनिटं. तिचा म्हणाला, ९ मिनिटं. आता खरं कुणाचं?

दोघांचंही! प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक गणित असतं. स्विस डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमन यांच्या गणितात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे आहेत, काही पटकन भरणारे, काही हळूहळू. शिअरवॉटर, गार्मिन वगैरे त्यावर चालतात. सुंटो या फिनलंडच्या कंपनीने अनेक वर्षं 'आरजीबीएम' नावाचं दुसरं गणित वापरलं. कुणी हात राखून वेळ देतं, कुणी सढळ. बऱ्याच मॉडेलमध्ये ही सावधगिरी स्वतःही कमी-जास्त करता येते. पाण्याखाली नियम एकच: जोडीत ज्याचा आकडा कमी, त्याचं ऐकायचं. आम्ही ४ मिनिटंवालीचं ऐकलं.

म्हणूनच 'सगळ्यात जास्त वेळ कुठला देतो?' हा प्रश्न घेऊन दुकानात जाऊ नका. तो तुमचं रक्त तपासत नाही. तुम्ही रात्रभर बसने प्रवास केलात, पाणी कमी प्यायलात, आदल्या रात्री बिअर जरा जास्तच झाली, यातलं त्याला काहीच कळत नाही. ती ढिलाई तुम्हीच ठेवायची.

आणि हो, कॉम्प्युटर शेअर करता येत नाही. 'सकाळी तुझ्या हातात, दुपारी माझ्या' हे बिलकूल चालत नाही. सकाळचा नायट्रोजन तुझ्या अंगात असतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं दुपारीही तूच उतरली आहेस. नवरा-बायकोंनी प्रेमाने वाटून घेण्याच्या वस्तूंत ही बसत नाही!

दुकानात काय बघाल?

आकडे दिसतात का? पहिली आणि सगळ्यात मोठी कसोटी. मालवणच्या गढूळ दिवशी, मास्कच्या काचेतून, हात लांब धरून खोली, वेळ आणि उरलेली मिनिटं एका नजरेत वाचता आली पाहिजेत. देखणं, घड्याळाएवढं मॉडेल शोकेसमध्ये झकास दिसतं, पण त्याचे आकडे बारीक असतात.

बटणं किती? क्रेसी लिओनार्दो किंवा मारेस पक प्रो एका बटणावर चालतात. सुंटो झूप नोवोला चार बटणं. भाड्याच्या सामानात हीच मंडळी वर्षानुवर्षं भेटत आली आहेत. शक्य असेल तर आधी भाड्याने वापरा, मग ठरवा.

सेल की चार्जिंग? ज्याचा चपटा सेल स्वतः बदलता येतो, तो वर्षातून दोनदा डाइव्ह करणाऱ्यासाठी उत्तम. शिअरवॉटर पेरेग्रिन (२०२०) सारख्या रंगीत स्क्रीनवाल्यांना मोबाइलसारखं चार्जिंग लागतं. स्क्रीन मात्र... काय सांगू! नजर हटत नाही.

नायट्रॉक्स आहे का? जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा हा मोड आता स्वस्त मॉडेलमध्येही असतो. आज लागला नाही तरी उद्या लागेल.

सिलिंडरची हवा दाखवणारा? यासाठी ट्रान्समीटर वेगळा घ्यावा लागतो आणि खर्च चांगलाच वाढतो. हौस असेल तर जरूर घ्या, पण साधा प्रेशर गेज काढून टाकू नका.

स्मार्टवॉच चालेल? ॲपल वॉच अल्ट्रा (२०२२) 'ओशनिक प्लस' ॲपसह ४० मीटरपर्यंत डाइव्ह कॉम्प्युटरचं काम करतं. गार्मिनची 'डिसेंट' मालिका तर त्यासाठीच बनली आहे. पण तुमच्या साध्या घड्याळावर '५० मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून त्याला घेऊन बुडी मारू नका. ते पोहण्यापुरतं ठीक, एवढंच. नायट्रोजनचं त्याला काय!

आंबोलीचं विमान

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी भाड्याचा नाद सोडून स्वतःचा कॉम्प्युटर घेतला.

मालवणचा वीकएंड. दोन दिवसांत चार डाइव्ह. शेवटची संपली रविवारी साडेअकराला. सुरमईची थाळी हाणून दुपारी निघायचं, आंबोलीमार्गे रात्री पुणे, असा बेत होता. सोमवारी सकाळी माझी एक मुलाखत ठरलेली. सामान भरताना भाड्याच्या कॉम्प्युटरवर छोटंसं विमान दिसलं. म्हणजे 'अजून उडू नका.' मित्र हसला, 'आपण कुठे फ्लाइटने चाललोय?'

इन्स्ट्रक्टर हसला नाही. 'घाट चढणार ना मॅडम? मग तेच तुमचं विमान.'

खरंच की! विमानात त्रास होतो तो उंचीमुळे, हवेचा दाब कमी होतो म्हणून. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या २००२ च्या कार्यशाळेतून आलेला सल्ला असा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबा. हा सल्ला साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे. आणि आंबोली? समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६९० मीटर! किनाऱ्यावरून निघून काही तासांत आम्ही थेट त्या पट्ट्यात घुसणार होतो.

साडेअकरा अधिक १८ तास, म्हणजे सोमवारची पहाट. आम्ही राहिलो. मुलाखत गेली, ती देणाऱ्या संपादकांची बोलणीही खाल्ली. सोमवारी सकाळी सहाला निघालो, घाट चढलो, काहीही झालं नाही. रविवारी निघालो असतो तरी कदाचित काही झालं नसतं. पण 'कदाचित'वर आपले गुडघे आणि पाठीचा कणा लावायचा का? त्या छोट्या विमानाने मला हा प्रश्न विचारला, हेच त्याचं काम.

अंदमानला गेलात तर परतीच्या फ्लाइटचा आदला दिवस कोरडा ठेवा. आणि कधी आमच्या विहिरीत डाइव्ह करायची लहर आली, तर उंचीचं सेटिंग तपासा. जालना सुमारे ५०० मीटरवर आहे, आणि ३०० मीटरच्या वर उंचीचा हिशेब धरावा लागतो. काही कॉम्प्युटर तो आपोआप धरतात, काहींत हाताने टाकावा लागतो.

घ्यायचाच का?

तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून एकदाच डाइव्ह करणार असाल, तर नका घेऊ. त्या पैशांत आणखी दोन ट्रिप होतील. ओपन वॉटर कोर्स केलात, वर्षातून चार-सहा डाइव्ह होतात, तर साधा का होईना, स्वतःचा घ्या. तोवर भाड्याने घ्याल तो सगळे दिवस एकच ठेवा, कुणाशी बदलू नका. नायट्रॉक्स, रात्रीच्या डाइव्ह, ३० मीटर असं सगळं सुरू झालं, की मग रंगीत स्क्रीनचा विचार करा.

मी घेतला तो काळा-पांढरा, मोठ्या आकड्यांचा, एका बटणाचा. उरलेल्या पैशांत अंदमानचं तिकीट आलं.

चेकलिस्ट

• पाण्यात जाण्याआधी: सेल, हवा की नायट्रॉक्स, उंची.
• मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका. अलार्म वाजला तर थांबा.
• प्रत्येक डाइव्हनंतर ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉप.
• आकडा शून्यावर जायची वाट बघू नका, काही मिनिटं हातात ठेवून वर या.
• कॉम्प्युटर रुसून लॉक झाला तर त्या दिवशी मित्राचा मागू नका, सुट्टी घ्या.
• परतीच्या वाटेवर विमान आहे का, हे बघा. घाट आहे का, हेही बघा.

दिवाळीला गावी गेले तेव्हा बाबांना कॉम्प्युटर दाखवला. उलटासुलटा करून बघितला, बटण दाबलं. शेवटच्या डाइव्हची खोली आली, १७.८. 'हे मीटर का?' 'हो.' त्यांनी बोटांवर परस मोजले. मग तो माझ्या हातावर बांधला आणि पट्टा एक भोक जास्तच आवळला.

'सैल नको ठेवू,' म्हणाले. 'आन् ते वर ये म्हनलं, की वर ये.'

एवढं मोठं मॅन्युअल मी वाचलं होतं. सार त्यातलं हेच.