नागपूर : वर गेलेले शहर

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी आपल्या कारखान्याचे आम्ही काही सभासद नागपूरला गेलो होतो. निवेदन देण्याचे काम तासाभरात उरकले. उरलेला दीड दिवस शहर पाहण्यात घालवला. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय म्हणतंय नागपूर? लई पुढं गेलंय म्हणं!" पुढे गेले की नाही ते सांगता येणार नाही, पण वर गेले आहे हे नक्की.

११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते तेथे समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले आणि नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या १९२५ कोटींहून अधिक खर्चाच्या कामाची पायाभरणीही झाली. पहिल्या दोन गोष्टींवरून आम्ही प्रवास केला. तिसरीचा नुसता वास घेतला.

मेट्रोला नावे ठेवणार नाही. डबा स्वच्छ, गार, वेळेवर. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असे तीन मजले पाहून आमच्यातले एक आबा म्हणाले, "माडीवर माडी झाली, पण जोत्याचं काय?" आम्ही हसलो. दुपारी हसू राहिले नाही.

एका सभासदाच्या पाहुण्यांकडे जेवायला गेलो. जुन्या वस्तीतले घर. समोरचा रस्ता सिमेंटचा, गुळगुळीत, आणि घराच्या उंबऱ्यापेक्षा चांगला दीड-दोन फूट उंच! घरधनीण म्हणाल्या, "पयले तीन पायऱ्या चढून घरात येत होतो जी, आता दोन उतरून येतो. रस्ता वर गेला, आमी खालीच रायलो." पावसाळ्यात दाराशी वाळूची पोती लावतात. भिंतीवर ओल कुठवर चढली होती, ते त्यांनी हाताने दाखवले. आमच्या कमरेला लागत होते. जेवायला सावजी रस्सा होता. डोळ्यांतून पाणी आले ते रश्श्यानेच, असे आम्ही म्हटले.

शेतकऱ्याला उतार शिकवावा लागत नाही. बांध घालताना पाणी कुठून निघेल ते आधी पाहतो, मग फावडे उचलतो. म्हणून संध्याकाळी मुद्दाम अंबाझरी तलावाचा सांडवा पाहायला गेलो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि हजारो घरांत पाणी शिरले. माणसे दगावली. सांडव्यापुढचे स्मारक आणि नदीपात्रातली बांधकामे यांवरून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. सांडव्याच्या तोंडाशी काही उभारू नये, हे आपल्याकडचे गावतळे राखणारा पाटकरीसुद्धा सांगेल.

ज्या नाग नदीवरून शहराला नाव पडले, तिला पुलावरून पाहिले. बरोबरच्या तरुण सभासदाने तिला गटार समजून नदीची वाट विचारली! शहराचे सांडपाणी घेऊन ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. म्हणजे शहराने सोडलेले पाणी शेवटी भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या पाटात. आपल्या मळीच्या पाण्यावरून ओढ्याकाठच्या गावांनी किती बोलणी ऐकवली, ते सभासदांना ठाऊकच आहे. ते बोलणे रास्तच होते. मग एवढ्या मोठ्या शहराला कोणी काय बोलावे?

संत्री मात्र गोड निघाली; दोन पेट्या घेऊन आलो.

आपल्या गेटपासून कामगार वसाहतीपर्यंतचा रस्ता सिमेंटचा करण्याचा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. आम्ही त्याच्या बाजूनेच होतो. परतल्यावर सिव्हिल विभागात जाऊन नकाशा मागितला. वसाहतीच्या खालच्या ओळीतल्या घरांचे उंबरे त्यात दाखवलेले नाहीत. ते मोजून मिळेपर्यंत आम्ही हात वर करणार नाही, असे अध्यक्षसाहेबांना लेखी कळवले आहे.