तैवान : पक्षफूट आणि राष्ट्राध्यक्षपद

चीनच्या मुख्य भूमीवरून १९४९ मध्ये माघार घेतलेल्या कुओमिंतांग पक्षाने तैवानवर लष्करी कायद्याखाली १९८७ पर्यंत एकपक्षीय सत्ता राखली. १९८८ मध्ये च्यांग चिंग-कुओ यांच्या निधनानंतर तैवानमध्येच जन्मलेले ली तेंग-हुई राष्ट्राध्यक्ष झाले. १९९६ च्या पहिल्या प्रत्यक्ष निवडणुकीत त्यांना ५४ टक्के मते मिळाली.

२००० चे सत्तांतर मात्र निव्वळ जनमत पालटल्याचे द्योतक मानता येत नाही. कुओमिंतांगमधून फुटलेल्या जेम्स सूंग यांना ३६.८, तर अधिकृत उमेदवार लिएन चान यांना २३.१ टक्के मते पडली आणि डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचे चेन श्वी-ब्यान अवघ्या ३९.३ टक्क्यांवर विजयी झाले. मतदानाची दुसरी फेरी नसल्याने एवढे मताधिक्य पुरेसे ठरते. विधिमंडळात बहुमत कुओमिंतांगचेच होते. १९९७ च्या घटनादुरुस्तीमुळे पंतप्रधान नेमण्यास विधिमंडळाची संमती आवश्यक उरली नव्हती. तरीही चेन यांनी कुओमिंतांगचेच थांग फेई यांना नेमले. ही तडजोड पाच महिनेही टिकली नाही, यात नवल नाही.

हाच पेच २०२४ मध्ये पुन्हा उद्भवला. लाय चिंग-ते सुमारे ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. विधिमंडळाच्या ११३ पैकी त्यांच्या पक्षास ५१, तर कुओमिंतांगला ५२ जागा मिळाल्या.