दोन उन्हाळे नानीविना

तुळजापूरहून सोलापूर जेमतेम ४५ किलोमीटर. परीक्षा संपली की आमची मुलं दर उन्हाळ्यात नानीकडे जायची. गच्चीत खाटांवर शेवया वाळवायच्या, रात्री तिथंच झोपायचं आणि एक दिवस नलदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल पाहायचा, हे ठरलेलं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. सोलापूर दुसरा जिल्हा. पासशिवाय जाता येईना. मंदिर बंद, मशिदी बंद, यात्रेकरूंविना बाजार ओस. २५ मेची ईद आम्ही घरातच केली. शिरखुर्मा चाखून धाकटी म्हणाली, "ही नानीची चव नाही."

२०२१ मध्ये रमजान आणि राज्यातली संचारबंदी एकाच दिवशी, १४ एप्रिलला, सुरू झाली. नानी व्हिडिओ कॉलवर रिकाम्या खाटा दाखवायची.

२०२२ मध्ये मुलं पोहोचली आणि थेट गच्चीवर धावली. नानीला मात्र आता जिना चढवेना. शेवटी खाटा आम्ही अंगणात आणल्या. शेवया तिथंच वाळल्या.

नाती जोडून ठेवण्याची ताकीद इस्लामने दिली आहे. तुमच्याही मुलांची नानी किंवा दादी वाट पाहत असेल, तर याच सुट्टीत जा. पुढच्या वर्षावर ढकलू नका.