प्रेमकथा, अद्भुत आणि सुरतेचे हेडमास्तर

नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत लेखकाने आपली अडचण प्रांजळपणे मांडली आहे. आपल्या लोकांत विवाहाची रीतच अशी, की नित्याच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही घडत नाही. मग रंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते.

युक्तिवाद चतुर खरा. पण त्याचे उत्तर सुरतेच्या एका गृहस्थाने दोन वर्षे आधीच देऊन ठेवले होते. तेथील इंग्रजी शाळेचे हेडमास्तर राहिलेले नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ 1866 साली प्रसिद्ध झाली. गुजराती भाषेतील पहिली कादंबरी ती हीच. घेलो म्हणजे वेडा. गुजराथचा अखेरचा वाघेला राजा करण हा आपला प्रधान माधव याच्या पत्नीचे हरण करतो. अपमानित माधव दिल्लीस जाऊन अल्लाउद्दीन खिलजीचे सैन्य आणवितो आणि राज्य बुडते. शृंगार येथेही आहे, पण त्याचे प्रायश्चित्त निरपराध प्रजेला भोगावे लागते.

राजकन्या देवलदेवीचा धागा तर मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा. देवगिरीच्या यादव राजपुत्राशी तिचा विवाह ठरतो आणि तिकडे नेत असता ती वाटेतच खिलजीच्या सैनिकांच्या हाती सापडते. हीच देवलदेवी अमीर खुसरोच्या फारसी काव्यात अल्लाउद्दीनपुत्र खिज्रखानाची प्रेयसी होऊन बसली आहे! दरबारी कवीच्या हाती ती प्रेमकथा झाली. सुरतेच्या हेडमास्तरांनी तिच्यापाशी तिच्या परागंदा बापालाही उभे केले.