गाभा तोच, विस्तार नवा

पृथ्वीवर अन्नवस्त्राचे प्रश्न उभे असता अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडील दीर्घिकांची चौकशी कशाला, असे विचारणाऱ्यांसमोर आम्ही एक शोध ठेवू इच्छितो. विश्वाचे वय तीन अब्ज वर्षांहूनही कमी असतानाच्या नऊ तांबूस दीर्घिकांची मापे २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येकीचे वस्तुमान सुमारे २०० अब्ज सूर्यांइतके. व्यास मात्र अवघा ५,००० प्रकाशवर्षे! आपल्या आकाशगंगेचा व्यास लाखाच्या घरात आहे. ताऱ्यांचा जन्म तेथे थांबला होता. अल्पायुषी निळे तारे विझले आणि मागे तांबूस तेज तेवढे उरले.

आज अशा दीर्घिका अत्यंत विरळ. मग त्या गेल्या कोठे? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते लहान दीर्घिका त्यांना येऊन मिळाल्या. आलेले तारे बाहेरच्या भागात स्थिरावले आणि जुना गाभा मध्यभागी कायम राहिला. ययाती दीर्घिकासमूहातील ‘एनजीसी १२७७’ मात्र सुमारे दहा अब्ज वर्षे जवळजवळ होती तशीच आहे. त्या दाटीत ती इतक्या वेगाने फिरते की, कोणी तिला येऊन मिळूच शकले नाही.

उपमा ताणू नये हे आम्ही जाणतो. तरीही पूर्वतेजावर जगणाऱ्या आमच्या जुन्या संस्थांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नवागतांना सामावून घेतल्याने गाभा नष्ट होत नाही. दारे बंद ठेवल्याने मात्र केवळ अवशेष उरतो.