कंबरदुखीची गोळी आणि पोटातलं बाळ

सातव्या महिन्यात कंबर धरली, की घरात पडलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी सहज घेतली जाते. ती वारेतून बाळापर्यंत पोचते. विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. या गोळ्यांनी त्याच्या मूत्रपिंडांचं काम मंदावून पाणी कमी होऊ शकतं. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास धोका हृदयापाशी येतो: फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच आकसू शकते. सोनोग्राफीत दिसेपर्यंत आईला बहुधा काहीच जाणवत नाही, हे मला सर्वांत काळजीचं वाटतं. डॉक्टरांनी मुद्दाम दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन वेगळी. ती आपल्या मनाने बंद करू नका. दुखणंही अंगावर काढू नका. फक्त गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.