दांडीखालून पायडल

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात, साखरशेतसारख्या गावी, घरात सायकल असलीच तर ती बहुधा एकच असते आणि मोठ्या माणसाच्या मापाची असते. आठ-नऊ वर्षांचे मूल आपली उंची वाढेपर्यंत काही थांबत नाही. ते सीटचा नाद सोडते, डाव्या हाताने हँडल पकडते, उजव्या काखेत सीट धरते, उजवा पाय दांडीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर टाकते आणि निघते. याला कुणी हाफ पायडल म्हणतात, कुणी कैची. आपल्यापैकी अनेक शिक्षक असेच सायकल शिकले असतील. सायकल शाळेच्या पटांगणात आणा, मोजपट्टी घ्या. या कसरतीत बलांचा आणि तरफेचा अख्खा धडा सापडतो.

प्रथम माप घेऊ. २८ इंची चाकांच्या साध्या सायकलची दांडी जमिनीपासून सुमारे ८० ते ८५ सेंटिमीटर उंच असते. मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करा, दोन पायांमध्ये पुस्तक आडवे वर सरकवा आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. हे अंतर उंचीच्या साधारण ४५ टक्के भरते. म्हणजे १२५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे ५६ सेंटिमीटर. दांडी त्याच्या पायांपेक्षा जवळजवळ वीतभर उंच. मग दांडीखालून जाण्यावाचून दुसरा मार्ग कोणता?

एके काळी तर सायकलचे चाकच पायाच्या मापाने निवडावे लागे. १८७०च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलीला पायडल थेट पुढच्या चाकाला असे. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक मोठे तर पाय लांब हवेत! १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिच्यात चेनने मागचे चाक फिरे आणि पायाच्या लांबीशी चाकाचे असलेले नाते तुटले. दांडीची उंची मात्र राहिली.

आता मूळ प्रश्न. दांडीखालून चालवणारे मूल पायडलची पूर्ण फेरी घेत नाही. थोडे खाली दाबते, मागे आणते, पुन्हा दाबते. हे जमते ते फ्रीव्हीलमुळे. मागच्या दातेरी चकतीच्या आत खुंट्या असतात. त्या पुढच्या दिशेला अडकतात आणि उलट दिशेला ‘टिकटिक’ करत सरकतात. पायडल मागे फिरवले तरी चाक पुढेच धावत राहते. फ्रीव्हील नसते तर हाफ पायडलही नसते.

पण अर्धीच फेरी मारल्याने निम्मे काम वाया जाते का? कागदावर पायडलचे वर्तुळ काढा. क्रँकची लांबी १६.५ सेंटिमीटर धरू. पायडल अगदी वरून अगदी खाली आणले तर ते ३३ सेंटिमीटर उतरते आणि त्यासाठी अर्धी फेरी लागते. मुलाने त्यातला फक्त मधला भाग वापरला, क्रँक आडवा होण्यापूर्वीच्या ४५ अंशांपासून नंतरच्या ४५ अंशांपर्यंत, तर फेरी पावच झाली. पण पायडल उतरले सुमारे २३ सेंटिमीटर. निम्म्या वळणात ७० टक्के काम! कारण उघड आहे. क्रँक उभा असताना खाली दिलेला जोर आसाच्या रोखाने जातो आणि काही फिरवत नाही. आडवा असताना पूर्ण लागू पडतो. मुलाला साइन माहीत नसते, पण वर्तुळातला कसदार भाग त्याचा पाय बरोबर शोधून काढतो. अर्थात फुकट काहीच नाही. प्रत्येक दाबानंतर स्वतःचे अंग पुन्हा वर उचलावे लागते, म्हणून ते लवकर दमते.

चढावर काय होते तेही पाहू. पुढच्या चकतीचे आणि फ्रीव्हीलचे दाते मुलांकडून मोजून घ्या. समजा ४४ आणि १८ निघाले. पायडलच्या एका फेरीत चाकाच्या सुमारे २.४ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर अंतर. तेवढ्यात पाय वर्तुळावर एकच मीटर फिरतो. अंतर पाचपट मिळाले, तर जोर पाचपटीने घटणारच. २५ किलोचे मूल आडव्या क्रँकवर पूर्ण वजन टाकून उभे राहिले तरी चाकाशी पोचतो सुमारे ५ किलोंचा जोर. मूल आणि सायकल मिळून वजन ४५ किलो. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नुसते टिकून राहायलाच साडेचार किलो हवेत. पायडल मागे आणताना तर जोर शून्य. म्हणून मूल अशा चढावर खाली उतरते, आणि ते आळशी नसते.

तोलाची गंमत याहून मोठी आहे. मुलाचे अंग सायकलच्या डाव्या बाजूला असते, म्हणून सायकल उजवीकडे कलते. सी-सॉचाच नियम. मुलाचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेपासून १० सेंटिमीटर डावीकडे असेल, तर २० किलोच्या सायकलचा १२.५ सेंटिमीटर उजवीकडे जायला हवा. त्यासाठी सायकलला सुमारे १४ अंश कलावे लागते. आता केवळ सीट धरून सायकल चालवत न्या आणि तिला उजवीकडे कलवा. हँडल आपोआप उजवीकडे वळते. दांडीखालच्या मुलाला हे वळणे सतत आवरावे लागते. सीटवरच्या स्वाराला नसलेले हे जास्तीचे काम आहे.

चाकांच्या फिरण्यामुळे तोल राहतो, असे आपण वर्गात सांगतो. पायी चालण्याच्या वेगाला तो परिणाम अगदी थोडा असतो. २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांनी अशी सायकल दाखवली, जिच्यात चाकांच्या फिरण्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी जवळजवळ नाहीसा केला होता. तरीही ती ढकलून दिल्यावर स्वाराविना सरळ जात राही. पडत्या बाजूला चाक वळवणे हीच तोलाची खरी किल्ली.

एवढे कौतुक झाल्यावर उताराकडे वळायला हवे. दहा मीटर उंचीचा उतार घर्षण व हवेचा अडथळा सोडून उतरले तर तळाशी वेग ताशी ५० किलोमीटर होतो, आणि तो वजनावर अवलंबून नाही; लहान मुलालाही तेवढाच. दांडीखालच्या स्वाराचा एक हात सीटवर असतो, म्हणजे दोनपैकी एकच ब्रेक हाती उरतो. पावसात पोलादी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते आणि थांबायला बरेच जास्त अंतर लागते. जव्हारचा पाऊस सांगायला नको.

मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. त्यांना आडवी दांडी नसली तरी माप सर्वांना एकच, मुली मात्र वेगवेगळ्या उंचीच्या. सायकल हाती आली की प्रथम सीट पूर्ण खाली करा. मुलीला सीटवर बसवून चवडे जमिनीला टेकतात का पाहा. मग तिची बोटे ब्रेकच्या दांड्यापर्यंत पोचतात का, आणि दाबल्यावर चाक खरोखर थांबते का, तेही पाहा. पाणी ओतून पुन्हा एकदा पाहा. बोटे पोचत नसतील तर दुकानात दांडा जवळ घेऊन मिळतो का विचारा. तोवर उतारावर सायकल हाताने धरून चालत उतरायची, असे तिला स्पष्ट सांगावे. दांडीखालून चालवणाऱ्या तिच्या धाकट्या भावालाही.